"साहेब, काय मारू?": पिकाचा फोटो पाठवण्याआधी मोबाईल कसा वापरावा



जून ते ऑक्टोबर या काळात माझ्या फोनवर रोज पंचवीस-तीस फोटो येतात. बहुतेक फोटोंखाली तीनच शब्द असतात: "साहेब, काय मारू?" फोटो एका पिवळ्या पानाचा असतो. पान तळहातावर ठेवलेले, त्यावर बोटांची सावली, अर्धे पान धूसर. ते पान शेंड्याचे की बुडाचे, एका झाडाचे की सगळ्या पट्ट्याचे, पीक किती दिवसांचे, यातले काहीही त्या फोटोवरून कळत नाही.

अशा फोटोवर उत्तर देऊ नये, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका शेतकऱ्याने सोयाबीनच्या पिवळ्या पानाचा असाच फोटो पाठवला. त्या आठवड्यात आजूबाजूच्या गावांतून पिवळ्या मोझॅकच्या तक्रारी येत होत्या, तेच डोक्यात होते. मी लगेच कळवले की हा पिवळा मोझॅक आहे, रोगट झाडे उपटून टाका आणि पांढऱ्या माशीसाठी फवारणी घ्या. त्यांनी दोन मजूर लावून झाडे उपटली, फवारणीही केली. चार दिवसांनी त्या भागात जाणे झाले म्हणून शेतावर थांबलो. शेताच्या खोलगट भागात सात-आठ दिवस पाणी साचून होते आणि नेमका तेवढाच पट्टा पिवळा पडला होता. शेंड्याची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्यागार. पाने उलटून पाहिली तर पांढरी माशी नावालाही नव्हती. ती लोहाची कमतरता होती. चुनखडीच्या काळ्या जमिनीत पाणी साचले की मुळांना लोह घेता येत नाही. वाफसा आला की पीक बऱ्याचदा आपोआप सावरते, फार तर फेरस सल्फेटची ०.५ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, अशी एखादी फवारणी पुरते. आणि इथे चांगली जगणारी झाडे उपटून बांधावर पडली होती. "तुम्ही सांगितलं तसंच केलं, साहेब," एवढेच ते म्हणाले.

चूक माझीच होती, मी दुसरा फोटो मागायला हवा होता. पण तेव्हापासून मी जिथे जातो तिथे मोबाईलबद्दल थोडे बोलतोच. आज जवळपास प्रत्येक घरात चांगला कॅमेरा असलेला फोन आहे. त्याचा शेतीसाठी जितका उपयोग होऊ शकतो, त्याच्या चौथाईही होत नाही. त्यासाठी नवीन फोन घ्यायची गरज नाही, खिशात आहे तोच पुरे.

एक पान नको, चार फोटो पाठवा

पहिला फोटो बांधावर उभे राहून, पूर्ण शेताचा किंवा बिघडलेल्या भागाचा. शेतकऱ्यांना हा फोटो बिनकामाचा वाटतो, कारण त्यात कीडही दिसत नाही आणि डागही. आम्हाला मात्र निम्मे निदान याच फोटोतून होते. पिवळेपणा खोलगट भागात असेल तर पाणी साचण्याशी संबंध. एका बांधाकडून आत सरकत असेल तर कीड तिकडून येत असावी, किंवा शेजाऱ्याच्या फवारणीचा वारा लागला असावा. ठिबकच्या नळीसरशी एकेक ओळच सुकत असेल तर आधी ड्रीपर तपासावेत. मधेच गोल चट्टा पडून तो दर आठवड्याला वाढत असेल तर मुळाजवळच्या रोगाची शंका घ्यावी. आणि चांगल्या-वाईट ओळी अगदी सरळ रेषेत, ठराविक अंतराने आल्या असतील तर तो रोग नसतोच. रोग सरळ रेषा पाळत नाही. ती पेरणी यंत्राची, खताची किंवा पंपाची करणी असते.

कपाशीत याचे ठरलेले उदाहरण आहे. शेंड्याची पाने अरुंद, लांबट, भेंडीच्या पानासारखी बोटे फुटलेली दिसतात आणि लोक व्हायरस म्हणून दोन-दोन फवारण्या घेतात. प्रत्यक्षात शेजारच्या उसात किंवा ज्वारीत २,४-डी हे तणनाशक मारलेले असते आणि वाऱ्याबरोबर ते कपाशीवर आलेले असते, नाहीतर तणनाशकाचाच पंप नीट न धुता कपाशीला वापरलेला असतो. कपाशी २,४-डीला फार नाजूक आहे. बांधावरून काढलेल्या एका फोटोत शेजारचे पीक आणि वाकड्या झाडांचा पट्टा एकत्र दिसला, तर दोन फवारण्यांचा खर्च वाचतो.

दुसरा फोटो एका पूर्ण झाडाचा, शक्य असेल तर मुळासकट. झाड हिसका देऊन उपटू नये, विळ्याने किंवा खुरप्याने माती सैल करून काढावे, नाहीतर बारीक मुळे जमिनीतच राहतात. पूर्ण झाडात लक्षण कुठे आहे ते कळते आणि अन्नद्रव्यांच्या बाबतीत "कुठे" हाच मुख्य प्रश्न असतो. नत्र आणि मॅग्नेशियम झाडात एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ शकतात, म्हणून त्यांची कमतरता आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसते. लोह तसे हलत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्यावर दिसते. नुसते खुडलेले पान पाहून हे सांगता येत नाही.

तूर वाळत असेल तर बुडाजवळचे खोड उभे चिरून आतल्या भागाचा फोटो काढावा. आत काळपट-तपकिरी रेघा असतील तर मर रोगाची शक्यता मोठी. आत खोड पांढरे स्वच्छ असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

तिसरा फोटो पानाचा, दोन्ही बाजूंनी. वरून एक, खालून एक. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, कोळी ही सगळी मंडळी पानाच्या मागे राहतात आणि फोटो मात्र नेहमी पुढच्या बाजूचे येतात! कपाशीची पाने लाल पडली की "लाल्या आला" म्हणून मॅग्नेशियम सल्फेट आणले जाते. पण कडा आधी पिवळ्या पडून खाली मुडपत असतील, नंतर लाल होत असतील, तर पान उलटून पाहावे. मागे तिरके चालणारे हिरवे तुडतुडे असतील तर तो रसशोषक किडीचा प्रकार आहे आणि मॅग्नेशियमने तुडतुडे जात नाहीत.

मिरचीच्या चुरडा-मुरड्यातही असेच. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखे पान झाले असेल तर फुलकिडे. कडा खालच्या बाजूला वळल्या असतील आणि पान उलट्या होडीसारखे दिसत असेल तर कोळी. फुलकिड्यांची औषधे वेगळी, कोळीनाशके वेगळी. कोळी असताना पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक मारले तर कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी आणखी वाढतो. पान कुठे वळले आहे ते दाखवायला कडेने, आडवा धरून एक फोटो घ्यावा. वरून काढलेल्या फोटोत वळण कळत नाही.

चौथा फोटो किडीचा किंवा डागाचा, जवळून. हा सगळ्यात अवघड.

जवळचा फोटो धूसर का येतो?

बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असते: लेन्सवर घाम, माती, तेलकट बोट लागलेले असते. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याची काच स्वच्छ सुती कापडाने पुसावी. आधी फुंकर मारून धूळ उडवावी, कारण धुळीसकट घासले तर ओरखडे पडतात. माझ्याकडे येणाऱ्या धूसर फोटोंपैकी निम्मे एवढ्याने सुधारतील.

दुसरे कारण म्हणजे फोन फार जवळ नेणे. साधारणपणे ८-१० सेंटिमीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फोकस करू शकत नाही. त्यामुळे फोन वीतभर दूर धरावा, स्क्रीनवर नेमक्या डागावर बोट टेकवावे, चित्र स्पष्ट झाले की मगच बटण दाबावे. नंतर फोटो कापून तेवढाच भाग पाठवता येतो. दुरून काढलेला स्पष्ट फोटो जवळून काढलेल्या धूसर फोटोपेक्षा कधीही बरा.

फुलकिडे, कोळी यांच्यासाठी साधे १० पट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. ते कॅमेऱ्यासमोर चिकटवून धरले आणि पान हळूहळू जवळ-दूर केले की एका ठिकाणी कीड स्पष्ट दिसते. माझ्या मते शेतकऱ्याने मोबाईलसाठी महागड्या कव्हरऐवजी आधी हे भिंग घ्यावे.

उन्हाचेही पाहा. दुपारच्या कडक उन्हात पान चकाकते आणि रंग फिके येतात. सूर्याकडे पाठ करून आपल्याच सावलीत पान धरावे, किंवा सकाळी नऊच्या आत फोटो घ्यावा. पिवळ्या रंगाची छटा ओळखायची असेल तर पानामागे पांढरा कागद धरावा आणि शेजारी एक निरोगी पान ठेवावे. रंगांची तुलना करता आली की निदान सोपे होते. आकार कळण्यासाठी एखादे नाणे ठेवले तर अळी किती मोठी आहे हे विचारावे लागत नाही, आणि अळीचा आकार महत्त्वाचा आहे, कारण लहान अळीवर जे औषध चालते ते मोठ्या अळीवर चालेलच असे नाही.

वारा असेल तर झाड हलते आणि फोटो बिघडतो. एका हाताने फांदी धरून ठेवावी किंवा घरच्या कुणाला धरायला सांगावे.

फोटोसोबत काय लिहावे

फोटो कितीही चांगला असला तरी औषधाआधी मला पाच-सहा गोष्टी विचाराव्याच लागतात. त्या आधीच आल्या तर एक दिवस वाचतो. नमुन्यादाखल असा निरोप चालेल:

"सोयाबीन, पेरणी २२ जून, दोन एकर. काळी भारी जमीन. आठ दिवसांपासून पिवळे पडतेय, आधी खालच्या बाजूला, आता निम्म्या शेतात. मागच्या आठवड्यात चार दिवस पाऊस, पाणी साचलं होतं. तणनाशक १५ जुलैला मारलं, लेबलचा फोटो सोबत आहे. कीटकनाशक अजून मारलेलं नाही."

टाईप करणे जड जात असेल तर कीबोर्डवरच्या माईकच्या चिन्हाला बोट लावून सरळ मराठीत बोलावे. फोन मराठीत लिहून घेतो. सुरुवातीला कीबोर्डच्या भाषांमध्ये मराठी निवडावी लागते, हे काम घरातील शाळकरी पोर दोन मिनिटांत करून देते. तेही नको असेल तर आवाजाचा निरोप पाठवा, पण वरच्या क्रमाने बोला.

व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करते. बारीक ठिपके, अंडी, बुरशीची वाढ त्यात पुसट होतात. म्हणून जवळचा फोटो एचडी पर्याय निवडून पाठवावा, किंवा जोडणीच्या चिन्हातून "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावा. डेटा थोडा जास्त जातो, पण फोटो जसाच्या तसा येतो.

गावातील ग्रुपवर फोटो टाकून विचारण्याबद्दलही बोलायला हवे. एका फोटोला दहा मिनिटांत सहा औषधे सुचवली जातात आणि कधी कधी ती सगळीच एकत्र करून पंपात जातात. ग्रुपवर विचारायचेच असेल तर "काय मारू" असे न विचारता "हे तुमच्याकडेही आहे का, कधीपासून" असे विचारावे. कीड आपल्या परिसरात कुठपर्यंत आली ते कळायला ग्रुप फार कामाचा.

फोटोवरून रोग ओळखणारी ॲप आता बरीच आहेत. केंद्र सरकारनेही राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली, म्हणजे एनपीएसएस, हे ॲप २०२४ मध्ये आणले. ती जरूर वापरावीत. पण ॲपलाही तेच एक पान दिसते, शेत दिसत नाही. त्याचे उत्तर ही शंका समजावी आणि पान उलटून, झाड उपटून ती स्वतः तपासावी. ज्यांच्याकडे विचारायला कुणी नाही त्यांनी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नि:शुल्क क्रमांक फोनमध्ये नावासह साठवून ठेवावा. तिथे मराठीत बोलता येते.

बाटलीचा फोटो आधी, फवारणी नंतर

कोणतेही कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा तणनाशक विकत घेतले की घरी आल्याबरोबर तीन फोटो काढावेत: लेबलची पुढची बाजू, बॅच क्रमांक आणि मुदत लिहिलेली बाजू, आणि पक्के बिल. बियाण्याच्या पिशवीचेही तसेच, तिच्या टॅगसह. उगवण झाली नाही तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे अर्ज करताना हेच मागितले जाते. तोवर पिशवी फाटलेली असते आणि बिल पावसात भिजून गेलेले असते. मूळ बिल, पिशवी आणि थोडे बियाणे जपून ठेवावेच, फोटो हा त्याला आधार.

पण लेबलच्या फोटोचे याहून मोठे कारण आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अनेकांना दवाखान्यात दाखल करावे लागले. अशा वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, औषध कोणते होते? सोबत आलेला माणूस "कपाशीचं औषध" किंवा "ती पांढरी बाटली" एवढेच सांगू शकतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधाच्या विषबाधेत ॲट्रोपिन हा उतारा वापरतात. पॅराक्वाट या तणनाशकाला तसा उताराच नाही आणि त्याचे उपचार वेगळ्या दिशेने करावे लागतात. कोणते विष अंगात गेले हे कळायला लागणारा वेळ रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. त्या दिवशी पंपात जे जे टाकले त्या सगळ्या लेबलांचे फोटो फवारणाऱ्याच्या फोनमध्ये असावेत आणि घरी असलेल्या माणसालाही पाठवलेले असावेत. मजुराकडून फवारून घेत असाल तर त्याच्या घरच्यांनाही पाठवा. रुग्णवाहिकेसाठी १०८.

लेबलवरचा चौकोन फोटोत नीट येईल असे पाहा. त्यातला लाल त्रिकोण म्हणजे अतितीव्र विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि सर्वात कमी हिरवा. अक्षरे फार बारीक असतात, फोटो काढून तो बोटांनी मोठा केला की चष्म्याशिवायही मात्रा वाचता येते. मात्रा वाचताना एक पाहावे: शिफारस १० लिटर पाण्यासाठी आहे की एकरी. तुमचा पंप १५, १६ किंवा २० लिटरचा असतो. १० लिटरला ५ मिली असेल तर १६ लिटरच्या पंपाला ८ मिली. हिशेब तोंडी न करता फोनच्या कॅल्क्युलेटरवर करावा.

फवारणी चालू असताना मात्र फोन हातात घेऊ नये. औषधाचे हात फोनला लागतात आणि तोच फोन आपण कानाला, तोंडाजवळ नेतो, घरी लहान मूल खेळायला घेते. फोन बंद होणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीत घालून बांधावर ठेवा.

नोंदी ठेवण्यासाठी वही लागत नाही

पेरणीची तारीख विचारली की "पोळ्याच्या आधी" असे उत्तर येते. पेरणीच्या दिवशी, खत टाकताना, प्रत्येक फवारणीला एक फोटो काढला तरी तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. गॅलरीत प्रत्येक गटासाठी वेगळा अल्बम करावा: "गट १४३ कापूस" वगैरे.

शेतात एक जागा ठरवून, उदाहरणार्थ विहिरीजवळचा खांब, दर आठ दिवसांनी तिथूनच त्याच दिशेला फोटो घ्यावा. पीक वाढतेय की थांबलेय हे रोज पाहणाऱ्याला कळत नाही, ओळीने चार फोटो पाहिले की कळते.

कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावले असतील तर रोज सकाळी सापळ्यात अडकलेले पतंग मोजावेत, आकडा चिठ्ठीवर लिहून सापळ्याशेजारी धरावा आणि फोटो घ्यावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग सापडले तर ती नुकसानीची आर्थिक पातळी समजतात. एका दिवशी बारा आणि दुसऱ्या दिवशी दोन असेल तर घाई नको. हा आकडा आठवणीत राहत नाही, फोटोत राहतो.

जागेची नोंद आणि क्षेत्र

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "लोकेशन" चालू केले की प्रत्येक फोटोसोबत ठिकाणही साठवले जाते. गारपीट, अतिवृष्टी, वन्यप्राण्यांचे नुकसान झाले तर असे फोटो पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतात. मूळ फोटो फोनमध्येच ठेवावा, कारण व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतील ठिकाणाची माहिती निघून जाते.

पीक विम्याचे नियम बदलत असतात. खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयातील योजना बंद झाली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पादनावर ठरू लागली. त्यामुळे चालू हंगामात कोणते संरक्षण आहे ते विमा भरतानाच विचारून घ्यावे. स्थानिक आपत्तीचे संरक्षण लागू असेल तर नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. ते तास नुकसान झाल्यापासून मोजतात, पाऊस थांबल्यापासून किंवा रस्ता मोकळा झाल्यापासून नाही. सूचना दिल्यावर मिळणाऱ्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ई-पीक पाहणी शेतात उभे राहूनच करावी लागते. नेटवर्क नाही म्हणून बरेच जण ती टाळतात आणि मग सातबाऱ्यावर पीक लागत नाही. जीपीएसला मोबाईलच्या नेटवर्कची गरज नसते, फक्त वर मोकळे आकाश हवे. आंब्याच्या झाडाखाली किंवा गोठ्याच्या पत्र्याखाली उभे राहिले की ठिकाण चुकते. मोकळ्यात येऊन मिनिटभर थांबावे, मग फोटो घ्यावा. माहिती भरून झाली की नेटवर्कमध्ये आल्यावर ती अपलोड झाली का ते पाहायचे विसरू नये. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर गर्दी असते, म्हणून हे काम पहिल्या पंधरवड्यातच उरकावे.

मोबाईलने शेत मोजणारी ॲप खत-औषधाचा हिशेब करायला ठीक आहेत, पण त्यांच्या भरवशावर बांधाचा वाद काढू नये. उघड्यावरही फोनच्या जीपीएसमध्ये तीन ते पाच मीटरचा फरक येतो. एक एकराचे चौरस शेत साधारण ६३-६४ मीटर बाजूचे असते. चारही बाजूंना तीन-तीन मीटर जास्त धरले गेले तर ४० गुंठ्यांचे जवळपास ४८ गुंठे दिसतील! शेजाऱ्याशी भांडायला हे पुरेसे आहे, मोजणीला नाही.

पाऊस, वारा आणि वीज

भारतीय हवामान विभागाच्या जिल्हानिहाय कृषी सल्ल्यासाठी "मेघदूत" ॲप आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी नवीन सल्ला येतो. फवारणीचा दिवस ठरवण्याआधी तो वाचावा. फोनवर दहा-पंधरा दिवसांचा अंदाज दिसतो, पण पहिल्या तीन-चार दिवसांपुढचा अंदाज पाहून मजूर सांगू नयेत. फवारणीसाठी पावसाइतकाच वाऱ्याचा आकडा पाहा. वेग ताशी १५ किलोमीटरच्या पुढे असेल तर औषध शेजारी जाते. फवारल्यानंतर किती तास कोरडे हवे हे लेबलवर असते. आंतरप्रवाही औषधांना साधारण तीन-चार तास तरी मिळायला हवेत.

"दामिनी" हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे ॲप आहे. आपल्यापासून २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल तर ते सूचना देते. मृगाचा पाऊस आणि परतीचा पाऊस, या दोन्ही वेळी रानात सगळी माणसे कामावर असतात. सूचना आली की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावे. हे ॲप चालायला फोनमध्ये लोकेशन चालू असावे लागते, बॅटरी वाचवायला ते बंद करून ठेवले तर ॲप असून नसल्यासारखे.

फसवणूक आणि फोनची निगा

पीएम किसान, पीक विमा, कर्जमाफी अशा नावांची ".एपीके" फाईल ग्रुपवर आली तर ती उघडू नये, मग पाठवणारा ओळखीचा का असेना. त्याचाच फोन आधी दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो. ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्यावे आणि बनवणाऱ्याचे नाव वाचूनच घ्यावे. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड.

रानात नेटवर्क कमकुवत असेल तर फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी दुपारीच संपते. फोटोच काढायचे असतील आणि कुणाच्या फोनची वाट पाहायची नसेल तर एअरप्लेन मोड लावावा, बहुतेक फोनमध्ये जीपीएस त्यातही चालतो. मात्र विजेचे वातावरण असताना तो लावू नये, कारण दामिनीची सूचना येणार नाही. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा मोटरसायकलच्या टाकीवर उन्हात फोन ठेवू नये, बॅटरी उष्णतेने लवकर मरते.

जागा भरली म्हणून पिकाचे फोटो उडवणारे बरेच भेटतात. आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणे बंद करा. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे आणि लग्नाचे व्हिडिओ गेले की वर्षभराच्या फवारण्यांसाठी पुष्कळ जागा होते.

सुरुवातीला ज्यांचे सोयाबीन उपटायला लावले ते शेतकरी अजूनही मला फोटो पाठवतात. मागच्या ऑगस्टमध्ये त्यांचे चार फोटो आले: बांधावरून शेत, मुळासकट झाड, पान दोन्ही बाजूंनी, भिंगातून शेंडा. खाली लिहिले होते, "पाणी काढून दिलंय. शिरा हिरव्या आहेत, माशी नाही. आठ दिवस थांबतो." मी फक्त "थांबा" एवढेच कळवले.